धडधाकट इरकलीला कात्री लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉलेजांचे ट्रॅडिशनल डे जवळ आले की वडगावातल्या माझ्या शिलाईच्या कामात आजीच्या इरकली लुगड्यांची आणि खणांची भर पडते. मुली फोनवर चित्र दाखवतात आणि लुगड्याचा घेरदार फ्रॉक, खणाचं जाकीट, काठाची पिशवी शिवून मागतात. जुन्या कापडाची ओढ या वयात लागली याचा मला मनापासून आनंद आहे. पण ‘विंटेज’च्या नावाखाली आपल्या भागातली नक्षी कायमची कापली जातेय, म्हणून हे पत्र.

विरलेलं, दंड घालून म्हणजे फाटका भाग काढून जोडून नेसलेलं लुगडं असेल तर मी बिनदिक्कत कापते. आपल्याकडच्या वाकळा त्यातूनच झाल्या. धडधाकट लुगड्याची गोष्ट वेगळी. इरकलीचा टोप पदर हा सरळ विणत गेलेला पदर नसतो. अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगळा, पदराचा रेशमी ताणा वेगळा. त्या दोन्हींचा एकेक धागा फासात फास अडकवून जोडतात, मग पदर विणतात. लाल पदरावर पांढऱ्यात कंगव्याचे दाते, ज्वारीची कणसं, किल्ल्याचे तट उठतात. मुलींना बाह्यांना नेमका तोच तुकडा हवा असतो, आणि कात्री जोडावरूनच जाते. अंगाचं कापड दुसरं मिळेल, पण तो जोड गेला की गेला.

त्यावर कर्नाटकी कशिदा असेल तर माझा हात अडतोच. कशिदा छापून किंवा रेखून घेत नाहीत, कापडाचे धागे मोजत सुई चालवायची. गाठ मारायची नाही. गावंती आणि मुरगी टाके उलट-सुलट दोन्हीकडून सारखे दिसले पाहिजेत. माझ्या आईला हे शेजारच्या एका कन्नड अक्कांनी शिकवलं. दोघींना एकमेकींची भाषा जेमतेम येत होती, पण धागे मोजायला ती पुरली. इरकल विणणारा बहुधा कन्नड बोलतो, नेसणाऱ्या कितीतरी जणी मराठी. या सीमाभागात कापडाने दोन्ही घरं धरून ठेवली आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता कशिद्यातली नक्षी बघा. गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती. बदामी, ऐहोळे, पट्टदकल ही शिल्पांनी भरलेली गावं आणि इलकल (आपलं इरकल), गुळेदगुड्ड ही लुगड्या-खणांची गावं एकाच बागलकोट जिल्ह्यात आहेत. इतकं लांब जायला नको, आपल्या बेळगावच्या किल्ल्यात १२०४ साली बांधलेली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आहे. आत उभं राहून मान वर करा. छतातलं दगडी कमळ बघा आणि घरी येऊन आजीच्या पदरावरचं कमळ बघा. पाकळ्या मोजून, सारख्या अंतरावर बसवण्याची शिस्त दोन्हीकडे सारखी दिसेल.

कला आणि कपडा यांची देवाणघेवाण आपल्याला नवी नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या देवी घराघरांत भिंतीवर आल्या. हौशी बायका त्या छापील चित्रांतल्या साड्यांवर खरी जर आणि टिकल्या चिकटवायच्या. आमच्याही देवघरात तसं एक चित्र होतं. बालगंधर्वांची रंगमंचावरची नऊवारी आणि केशरचना बघून घरंदाज बायका तसं नेसू-सजू लागल्या. ज्या नाटक मंडळीतून ते पुढे आले तिचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हेही नव्या पिढीला सांगायला हवं.

बाहेरचं एक उदाहरण मला शिवणारी म्हणून फार आवडतं. पॅरिसमध्ये ईव्ह सां लोराँ याने १९६५ साली मोंद्रियान या चित्रकाराच्या चित्रांवरून झगे केले. पांढरे, लाल, निळे, पिवळे चौकोन आणि मध्ये काळ्या पट्ट्या. ते चौकोन छापलेले नव्हते. लोकरी कापडाचे वेगवेगळे तुकडे जोडून झगा केला होता, आणि अंगाला बसण्यासाठी लागणारी सगळी शिवण त्या सरळ रेषांत जिरवली होती. चित्र समजून घेऊन कापड कापणं म्हणजे काय, हे त्यात दिसतं.

उलट आज बाजारात पॉलिस्टरवर इरकलीचा पदर छापून ‘विंटेज’ म्हणून विकतात. कापड उलटं करून बघा, मागे नक्षी फिकट आणि धुरकट दिसेल. ते घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण ते इरकल नाही एवढं विकणाऱ्याने सांगितलं पाहिजे. आणि हौसेच्या फ्रॉकला ते खुशाल कापावं, आजीचं लुगडं घडीत राहू द्यावं.

तरीही कापायचंच असेल, तर आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. नक्षी जिथून पुन्हा सुरू होते तिथपर्यंतचा भाग आलेख-कागदावर, एक टाका म्हणजे एक चौकोन, असा उतरवून घ्या. कुणाचं लुगडं, कुठल्या बाजारात घेतलं, कुणी कशिदा काढला, हे आजीला विचारून त्याच कागदावर लिहा. शाळांतल्या चित्रकला शिक्षकांनी हे काम मुलांना दिलं तर फार बरं होईल. आठवी-नववीची मुलं हे सहज करतील.

चैत्राच्या हळदीकुंकवाला आपल्याकडे आरास असतेच. महिला मंडळांनी आणि वाचनालयांनी यंदा तिथे जुनी लुगडी, खण, परकर मांडावेत आणि शहापूर, वडगाव, खासबाग, सुळेभावीच्या मागवाल्यांना आवर्जून बोलवावं. मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्डचे भोकांचे पत्ते पाडणाऱ्याला समोर खरी नक्षी आणि तिचा मोजलेला कागद मिळाला, तर ती पुन्हा मागावर चढू शकते. मी गिऱ्हाइकांच्या परवानगीने असे कागद करून ठेवले आहेत. कुठल्याही वाचनालयाने जागा दिली तर ते सगळे कागद मी देईन, आणि मुलांना धागे मोजायला शिकवायला रविवारी येईन.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
वडगाव, बेळगाव