एकाच नादापाशी तासभर बसवल्याबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

एलिआन रादिग या फ्रेंच संगीतकर्तीची 'क्येमा' ही १९८८ची रचना आपण मला सबंध ऐकवलीत, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे जाहीर पत्र लिहीत आहे. प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटले की पाठ फिरवणाऱ्या, पण तंबोरा जुळताना कान टवकारणाऱ्या रसिकांपर्यंतही ते पोहोचावे, अशी इच्छा आहे.

ख्याल ऐकत वाढलेला माझा कान सम शोधतो, मुखड्याची वाट पाहतो. इथे ना ताल, ना बंदिश. आर्प २५०० या सिंथेसायझरमधून निघालेले आणि फितीवर एकमेकांत मिसळत नेलेले दीर्घ नाद तेवढे आहेत. रादिग यांनी या यंत्राचा कीबोर्ड वापरलाच नाही. यंत्रावरची बटणे अगदी सावकाश फिरवत त्या नादाचा पोत बदलत राहिल्या. हे सारे आपण आधीच समजावले होतेत, पण खरा उपयोग झाला तो आपल्या एका वाक्याचा: "तंबोऱ्याकडे कान देतेस, तसाच दे."

खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार जसा आपोआप उमटतो, तसे त्या अखंड घुमण्यातून वरचे स्वर डोकावू लागले. दोन स्वरांच्या कंपनांत सेकंदाला अर्ध्याचाच फरक असेल, तर दर दोन सेकंदांनी आवाज फुगतो आणि ओसरतो. तंबोऱ्याच्या मधल्या दोन, जोडाच्या तारा मिळत आल्या की हेच आंदोलन मंदावत जाते. तंबोरा लावताना जे आपण घालवू पाहतो, त्याचीच रादिग यांनी लय केली आहे, आणि ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

मोबाइलवर न ऐकवता आपण मोठे स्पीकर भिंतीकडे तोंड करून का ठेवलेत, तेही उठून खोलीत फिरल्यावर उमगले. खिडकीपाशी खर्ज जवळजवळ नाहीसा झाला होता आणि कपाटाजवळच्या कोपऱ्यात तोच छातीत भरत होता.

'क्येमा' हा तीन भागांच्या एका मोठ्या कृतीचा पहिला भाग. तिचा दुसरा भाग, 'कैलाशा', रादिग यांनी मुलाच्या अपघाती निधनानंतर रचला. तो एकटीने ऐकण्याचे धैर्य मला होत नाही. आपल्या सवडीचा एखादा रविवार कृपया कळवावा.

काकूंना सादर नमस्कार.

आपली कृपाभिलाषी,
एक श्रोती