‘पहिलं उत्तर बदलू नका’ हे मुलांना सांगणं थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला परीक्षेच्या टिप्सचा लेख वाचला आणि डोकंच फिरलं. रात्रीच लिहायला बसलो होतो पण रागात भलतंच काहीतरी लिहिलं जाईल म्हणून सकाळपर्यंत थांबलो, राग मात्र आहे तसाच आहे. झोप नीट घ्या, हॉल तिकीट आदल्या दिवशीच काढून ठेवा, हे सगळं ठीक, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘मनात आलेलं पहिलं उत्तरच बरोबर असतं, ते बदलू नका’ हे कशाच्या जोरावर छापलंत? आणि वर आधाराला मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचं नाव! अहो, त्या माणसाने एमॉस ट्वर्स्कींबरोबर वर्षानुवर्षं काम करून हेच दाखवलं की झटकन सुचलेलं उत्तर भल्याभल्यांना कसं फसवतं, 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामामुळे, आणि तुम्ही त्यांच्याच नावावर नेमकं उलटं खपवताय.

हे मला एवढं लागलं त्याला कारण आहे. माझ्या भाचीने गेल्या वर्षी सीईटी दिली. फिजिक्समध्ये प्रश्न होता, तार ताणून तिची लांबी दुप्पट केली तर तिचा विजेला होणारा रोध किती पट होईल. तिने ‘दुप्पट’वर क्लिक केलं, कारण बघताक्षणी तेच सुचतं. शेवटी थोडा वेळ उरला म्हणून ती रिव्ह्यूला ठेवलेल्या प्रश्नांवर परत आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तार ताणली की बारीकही होते, आकारमान तेवढंच राहणार, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ निम्मं; लांबीमुळे रोध दुप्पट आणि बारीक झाल्यामुळे आणखी दुप्पट, म्हणजे चौपट. रफ पेपरवर तिने हे मांडलंसुद्धा. माऊस ‘चौपट’वर नेला आणि तिथून परत आणला. का? तर क्लासच्या सरांनी वर्षभर डोक्यात भरवलं होतं की पहिलं उत्तर हलवायचं नाही, मन पहिल्यांदा खरं बोलतं. रिस्पॉन्स शीट आली तेव्हा पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. ताई मला म्हणाली, “अरे, येत नसतं तर काही वाटलं नसतं, येत असून घालवलं तिने.” मार्क गेला त्यापेक्षा मला याचं वाईट वाटतं की स्वतः कागदावर मांडलेल्या हिशोबापेक्षा सरांचं वाक्य तिला मोठं वाटलं.

आणि हे मोजून बघितलेलं आहे हो. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या 1561 विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी तपासल्या. बदललेल्या उत्तरांपैकी 51 टक्के चुकीवरून बरोबर झाली होती, बरोबरवरून चूक फक्त 25 टक्के, उरलेली बहुतेक चुकीवरून दुसऱ्या चुकीवर. म्हणजे बदलून फायदा झाला तो दुप्पट वेळा. मग समज उलटा का? कारण बरोबर उत्तर खोडून चूक केलं की ते जन्मभर सलतं, हातातलं घालवलं असं वाटतं, आणि चुकीचं न बदलता तसंच ठेवलं तर त्याची आठवणही राहत नाही. सरांनाही तेच सललेलं आठवत असणार आणि ते तसंच पुढच्या बॅचला देतात.

लेखात क्रिकेटरचं उदाहरण दिलंय, तो कुठे विचार करत बसतो म्हणून. बरोबर, अर्ध्या सेकंदात बॉल अंगावर येतो, त्याला वेळच नाही. पण त्याने लहानपणापासून हजारो बॉल खेळलेले असतात आणि प्रत्येक बॉलला चुकला की बरोबर हे तिथल्या तिथे कळतं. अग्निशमन दलाचे जवान झटकन निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केलेले गॅरी क्लाइन आणि वर सांगितलेले कानेमन, दोघांची मतं खरं तर एकमेकांविरुद्ध, तरी 2009 मध्ये त्यांनी एकत्र बसून हेच लिहिलं की अंदाजावर भरवसा ठेवायचा तर ते काम ठराविक रीतीने चालणारं हवं, भरपूर सराव हवा आणि चूक कुठे झाली ते लगेच कळायला हवं. परीक्षेला पहिल्यांदा बसलेल्या बारावीच्या मुलाकडे यातलं काय आहे? घरात कुणालाही विचारा, वही आणि पेन मिळून 110 रुपये, वही पेनापेक्षा 100 रुपयांनी महाग, तर पेन केवढ्याला? दहा म्हणतील. पाच आहे, वही 105.

उगाच भीती वाटली म्हणून उत्तर बदलू नका, एवढं सांगितलं असतं तर माझी काहीच हरकत नव्हती. पण हातात कारण असेल तर बदलाच, हे पण सांगा की मुलांना, आणि सीईटीत निगेटिव्ह मार्किंगही नाही.

जाता जाता अजून एक. सोमवारच्या सराव प्रश्नसंचाची उत्तरं मंगळवारी देतो असं लिहिता आणि देत नाही, या महिन्यात दोनदा झालं. मुलं वाट बघतात. चूक कुठे झाली तेच कळणार नसेल तर तो संच सोडवून करायचं काय? आणि कालच्या टिप्सची दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, परीक्षा सुरू व्हायच्या आत छापा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक जुना वाचक, सांगली