ग्रीन कार्ड मिळाले, नोंदणीचे काय?

महोदय,
अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती १९७३ साली थांबली. पुढेमागे भरतीची वेळ आलीच तर हाताशी असावी म्हणून होणारी तरुणांची नोंदणी मात्र १९८० पासून पुन्हा सुरू आहे. १८ ते २५ वयाच्या मुलग्यांना ती बंधनकारक आहे, ग्रीन कार्डधारकांनाही. (एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्यांना नाही.) ‘आपण कुठे तिथले नागरिक!’ म्हणून मराठी पालकांनी गाफील राहू नये. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात पुरुषांना नोंदणीची तारीख आणि क्रमांक विचारतात. सव्वीस पूर्ण झाली की नोंदणी होतच नाही, मग लेखी खुलासे देत बसावे लागते. नोंदणी म्हणजे भरती नव्हे. घाबरून टाळू नका. मुलींना यातून वगळणे मात्र मला मुळीच पटत नाही.

— एक पालक, पुणे