संशोधन कारखान्याच्या दारात जाऊ द्या! उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यात व्यवस्थापनशास्त्र शिकवतो. आपल्या राज्यातल्या एमबीए विभागांमधल्या संशोधनाबद्दल आपल्याशी मोकळेपणाने बोलावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

पालघर जिल्ह्यातले तारापूर आज जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत पोचले आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात जागतिक बँकेतलेही संशोधक होते, तारापूर आणि गुजरातेतल्या उंबरगावचे कापड कारखाने निवडले. चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे त्यांतले काही कारखाने वेगळे काढले आणि तिथे सल्लागारांनी काही महिने फुकट काम केले. काम अगदी साधे होते. सुताचा साठा नंबर आणि रंगाप्रमाणे लावायचा. माग कधी आणि कशाने बंद पडला, हे लिहून ठेवायचे. कापडात दोष निघाला तर तो कोणत्या मागावरचा, हे शोधायचे. रोज थोडा वेळ त्या नोंदी समोर ठेवून बोलायचे. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

या अभ्यासातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट मात्र आकड्यांच्या पलीकडची आहे. एवढा फायदा समोर असताना मालकांनी हे आधीच का केले नव्हते? काहींना या पद्धती ठाऊकच नव्हत्या. काहींना आपला माल ठीकच आहे असे मनापासून वाटत होते. आणि कारखाना किती वाढणार, हे बऱ्याच अंशी घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होते. भाऊ नाही, मुलगा नाही, तर दुसरा कारखाना सांभाळणार कोण? परक्या माणसाच्या हाती गल्ला द्यायची भीती आणि फसवणूक झालीच तर कोर्टात वर्षे जाणार हा अनुभव, या दोन्हींनी धंद्याचा आकार बांधून ठेवला होता. हे वाचल्यावर इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या कुणालाही आपल्याच गल्लीची आठवण होईल. काही वर्षांनी हेच संशोधक पुन्हा त्या कारखान्यांत गेले. सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या बंद पडल्या होत्या. व्यवस्थापक नोकरी सोडून गेला होता किंवा मालकाला वेळ नव्हता, ही त्यामागची मुख्य कारणे. पुन्हा जाऊन पाहिले म्हणून हे कळले.

बाहेरच्यांनी येऊन हे केले याचा मला राग नाही. त्यांचे आपल्यावर ऋणच आहे. दुःख याचे आहे की असे काम आमच्या विभागातल्या एखाद्या तरुण प्राध्यापकाने करायचे ठरवले, तर आपली व्यवस्था त्याला पावलोपावली अडवते.

आमच्याकडचा नेहमीचा प्रबंध कसा असतो, हे आपल्यालाही माहीत असेल. शीर्षकाच्या शेवटी 'कोल्हापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात'. आत 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' अशा पाच पर्यायांची प्रश्नावली. ती मालक स्वतः भरत नाही, त्याचा दिवाणजी, म्हणजे हिशेबनीस भरतो, तीही कुणाच्या तरी ओळखीने आणि घाईघाईत. मग सॉफ्टवेअरमधून सारण्या निघतात आणि शेवटी 'शासनाने प्रोत्साहन द्यावे' अशी शिफारस. विद्यार्थी आळशी असतात म्हणून हे होत नाही. शिष्यवृत्तीची मुदत, मार्गदर्शकाकडची गर्दी, पूर्णवेळ अध्यापन आणि पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची संख्या या चौकटीत एवढेच बसते.

या संख्येने केलेले नुकसान आपण पाहिलेच आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके आपल्या राज्यातही फोफावली. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्यताप्राप्त यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके काढून टाकली. पुढे दर्जेदार नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आली, तीही २०२५ मध्ये मागे घेतली गेली. पीएच.डी.साठी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही अट २०२२ च्या नियमावलीने गेली, हे चांगले झाले. पण शिक्षकाच्या कामाचे मोजमाप अजून छापील पानांवरच अडकले आहे. यादी कितीही कडक केली तरी तिच्या बळावर संशोधक कारखान्यापर्यंत चालत जाणार नाही.

कारखान्यापर्यंत जाणे का गरजेचे आहे, याचे उदाहरण पाकिस्तानातल्या सियालकोटचे देतो. फुटबॉल तयार करणारे ते गाव. संशोधकांनी तिथे कातडीसारखे रेक्झिन कापण्यासाठी नवा साचा तयार केला. त्याने कच्चा माल कमी वाया जात होता. काही कारखान्यांना तो फुकट दिला. पंधरा महिने उलटले तरी फार थोड्यांनी तो वापरला. कारण शोधायला गेल्यावर कळले की कापणाऱ्या कारागिराला नगावर मजुरी होती. नव्या साच्याने सुरुवातीला त्याचा हात मंदावत होता आणि वाचलेल्या रेक्झिनमधला एक पैसाही त्याला मिळत नव्हता. मग दुसरा प्रयोग झाला. मालकासमोर नवा साचा वापरून दाखवणाऱ्या कारागिराला साधारण महिन्याच्या कमाईएवढे बक्षीस दिले, आणि त्या कारखान्यांत साच्याचा वापर वाढला.

इचलकरंजीत विणणाऱ्याची मजुरी 'पिका'वर, म्हणजे कापडात भरलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरते. मालक स्वतःच खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याच्या सुताचे कापड विणून देणारा असेल तर त्यालाही सूत देणारा व्यापारी मजुरीच देतो. अशा ठिकाणी नवा माग, नवी नोंदवही किंवा नवे सॉफ्टवेअर आणले तर त्याचा लाभ कुणाला आणि तोटा कुणाला? माग दुरुस्त करणारा जॉबर काय म्हणतो, कांड्यांवर सूत भरणाऱ्या कांडीवाल्याचे काय होते, ताण्याचे धागे फणीतून ओवायचे वहिफणीचे काम कुणाकडे जाते? मागाशेजारी उभे राहिल्याशिवाय ही उत्तरे मिळणार नाहीत.

प्रश्न तर सरकारनेच तयार करून ठेवले आहेत. यंत्रमागांच्या वीज सवलतीत २७ अश्वशक्तीच्या आतले आणि त्यावरचे असे दोन गट आहेत. रेषेच्या थोडे अलीकडचे आणि थोडे पलीकडचे कारखाने एरवी सारखेच असतात. सवलतीचा पैसा नव्या मागात जातो, जुन्या कर्जात जातो की मजुरीत, आणि कुणी रेषेच्या आत राहण्यासाठी धंदा वाढवायचे टाळतो का, हे दोन्ही बाजूंचे कारखाने पाहून तपासता येईल. तसेच लहान उद्योगांची बिले जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती केली नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजावटीला धरायचा नाही, ही आयकराची तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत धातूचे ओतकाम करणाऱ्या फाउंड्रीवाल्याच्या हाती पैसे लवकर येऊ लागले, की मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डरच दुसरीकडे वळवली? हे राज्याच्या तिजोरीशी आणि हजारो घरांशी जोडलेले प्रश्न आहेत.

महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी शहराची घरोघर जाऊन पाहणी करवली, आणि तेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले, त्याचे पहिले अध्यक्ष झाले. अभ्यास आणि उद्योग यांच्यात तेव्हा भिंत नव्हती.

म्हणून आपल्याकडे माझे मागणे थेट आहे. एका औद्योगिक पट्ट्यापासून सुरुवात करा. इचलकरंजीचे यंत्रमाग किंवा शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीज घ्या. शिवाजी विद्यापीठ आणि परिसरातल्या महाविद्यालयांतून निवडलेल्या शिक्षकांना दोन वर्षे अध्यापनाचा भार निम्मा करून द्या, आणि त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर येणाऱ्यांचे मानधन विभागाने वेळेवर द्यावे. त्यांचे मानधन थकले तर ही योजना पहिल्याच सत्रात कोलमडेल. महावितरण, वस्त्रोद्योग विभाग आणि उद्योग संचालनालय यांच्याकडची आकडेवारी, कारखान्यांची नावे झाकून, अभ्यासकांना मिळेल असा शासन निर्णय काढा. आज एकेका आकड्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. पदोन्नतीत अशा क्षेत्रकार्याच्या अहवालाला शोधनिबंधाच्या बरोबरीचे स्थान द्यावे म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आग्रह धरा, आणि राज्याच्या हाती जेवढे आहे तेवढे स्वतः करा. प्रयोग फसला तरी तो अहवाल मोजला जावा, नाहीतर सगळे प्रयोग कागदावर यशस्वीच होतील.

आणखी एक अट घाला: प्रत्येक अभ्यासाचे निष्कर्ष मराठीत, ज्या कारखान्यात काम झाले तिथल्या मालकांना आणि कामगारांना बसवून सांगितले गेले पाहिजेत. त्यांनी वेळ दिला, वह्या उघडून दाखवल्या. आजवर प्रश्नावल्या भरून घेणारे आले आणि गेले, पुढे काय झाले हे त्यांना कुणी सांगितले नाही. पुढच्या वेळी दार उघडायला ते कचरतात, यात त्यांची काहीच चूक नाही.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या आधी याबाबत एक बैठक बोलवावी, तीत विद्यापीठांबरोबर यंत्रमागधारकांच्या, फाउंड्री उद्योजकांच्या आणि कामगारांच्या संघटनांनाही बोलवावे, ही विनंती. पहिल्या पट्ट्यात काम करायला मी आणि माझे विद्यार्थी तयार आहोत.

आपला,
व्यवस्थापनशास्त्राचा एक प्राध्यापक,
जि. कोल्हापूर