बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ग्लासगो, रविवार संध्याकाळ

ती. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

सुक्या गोदीतल्या जहाजाचा फोटो बघून तुम्ही फोनवर म्हणालात, ‘अगं, पाणी कापायचं तर टोक हवं, नाकाखाली हा भलामोठा गोळा कशाला?’ तेव्हा धड सांगता आलं नाही. आठवडाभर तेच डोक्यात आहे, म्हणून आज लिहायलाच बसले.

बडोद्याच्या सूरसागर तळ्यावरची पॅडल बोट आठवते? मी आणि दादा पोटऱ्या दुखेपर्यंत पाय मारायचो आणि शेजारून नावाडी काका लांब होडीतून आरामात पुढे निघून जायचे. दादा चिडायचा. तुम्ही काठावरून ओरडायचात, ‘ताकद वाया घालवू नका रे!’ तुमचं म्हणणं अगदी खरं होतं, पण का खरं होतं ते मला इथे येऊन कळलं.

बोट निघाली की नाकाशी पाणी उचलतं, त्याची लाट होते आणि ती बोटीबरोबरच धावते. वेग दुप्पट झाला की लाट चौपट लांब होते. एका वेगाला ती बोटीएवढीच लांब होते, म्हणजे एक उंचवटा नाकाशी आणि पुढचा थेट शेपटाशी. त्याहून जोर केला की तो मागचा उंचवटा आणखी मागे सरकतो, शेपूट खड्ड्यात बसतं आणि बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहते. पावागड चढावा, आणि आपण चढू तसा गडही पुढे सरकत जावा, तसं! आपली पॅडल बोट अडीच मीटरची धरली तर ही वेळ ताशी सातेक किलोमीटरलाच येते. काकांची होडी लांब, म्हणून तिची मर्यादाही वर. शंभर मीटरच्या जहाजावर हीच पाळी २४ नॉटच्या, म्हणजे ताशी ४४ किलोमीटरच्या आसपास येते.

हे सगळं प्रयोगशाळेतल्या लांब हौदात जहाजाचं छोटं मॉडेल ओढून बघता येतं. गेल्या आठवड्यात आम्ही चार मीटरचं मॉडेल ओढलं. जहाज त्याच्या २५ पट, म्हणून वेग मात्र २५ चं वर्गमूळ काढून पाचपटीने कमी. १५ नॉटच्या जहाजासाठी मॉडेल ३ नॉटने, म्हणजे सेकंदाला दीड मीटर. मॉडेल ओढणाऱ्या ट्रॉलीवर मी ओणवी होऊन बघत होते. काचेसारखं पाणी नाकाशी वळी पाडत वर चढलं, मॉडेलच्या अंगावर ओली रेघ उमटली, आणि ती रेघ मध्यावर खाली जाऊन मागे पुन्हा वर आली. लाट जहाजाच्या अंगावर लिहिलेली, बाबा! मला तिथून हलावंसंच वाटेना.

हा वर्गमुळाचा नियम विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनियरचा. १८६७ मध्ये त्याने ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ अशा दोन आकारांची ३, ६ आणि १२ फुटी मॉडेलं डार्ट नदीत ओढून पाहिली. रेव्हनचं नाक टोकदार, तर स्वानचं गोलसर. आता तुमच्या टोकाबद्दल ऐका: कमी वेगाला रेव्हन हलकी गेली, पण वेग वाढवल्यावर स्वान सरस ठरली. टोक की गोल, याला एकच उत्तर नाही. आधी जहाज किती वेगाने जाणार ते विचारायचं.

तुमचा गोळाही तसाच. तो पाण्याखाली राहून स्वतःची वेगळी लाट करतो. जिथे नाकाची लाट वर उठणार, तिथेच गोळ्याच्या लाटेचा खड्डा पडेल असं जमवतात, आणि दोन्ही एकमेकींना बऱ्याच अंशी जिरवतात. मात्र हे ठरलेल्या वेगाला आणि ठरलेल्या भारालाच जमतं. २००८ नंतर इंधन वाचवायला जहाजं हळू चालवू लागले, तेव्हा काही जहाजांचे जुने गोळे कापून नवे बसवावे लागले. हळू चालवण्यात बचत मोठी आहे. लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे वेग दहा टक्के कमी केला की ताकद सव्वीस-सत्तावीस टक्के कमी लागते.

सावकाश जाणाऱ्या तेलवाहू जहाजाचं मुख्य दुखणं लाट नसतंच, ते असतं अंगाला घासणारं पाणी. तिथे तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडून काढण्याला फार महत्त्व. सरांनी मला प्रोजेक्टला हाच विषय घ्यायला सुचवलंय. मला मात्र नाकाच्या लाटेवरच काम करायचंय, आणि उद्या त्यांना तसं सांगणार आहे.

परवा इथल्या तळ्यात बदक पोहताना पाहिलं. मागे इंग्रजी व्हीसारखी लाट, दोन फाट्यांमधला कोन जवळपास ३९ अंश. खोल पाण्यात जहाजामागेही साधारण तोच कोन. हे गणित इथेच ग्लासगोत शिकवणाऱ्या लॉर्ड केल्विनने मांडलं. कमाटीबागेत फिरायला जाल तेव्हा एखादं बदक पोहताना दिसलं, तर त्याच्या मागे बघा.

आईला सांगा, भाजणी पोचली, काल थालीपीठं केली. दादाला हे पत्र नक्की वाचायला द्या, पॅडल बोटीत त्याचा काही दोष नव्हता.

तुमची,
मनू