पिंजरा गॅलरीतच राहू द्या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आपल्या पाच लव्हबर्डपैकी गेलेल्या पिवळीचा रिपोर्ट मी नीट वाचला आणि मग पक्ष्यांच्या डॉक्टरांशी सविस्तर बोलले. फोनवर सांगत बसले तर निम्मं राहून जाईल, म्हणून लिहून पाठवतेय. वाचून झालं की पत्र फ्रिजला लावून ठेवा.

आधी एक विनंती. बाकीचे चौघे कुणाला देऊन टाकू नका आणि सोडूनही देऊ नका. खालच्या मजल्यावरच्या मुलांना पिंजरा दिला तर आजार त्यांच्या घरात शिरेल. आणि आई, दार उघडलं म्हणजे ते सुटतील असं तुला वाटतं, पण ते सुटत नाहीत गं. आपण यांना लव्हबर्ड म्हणतो, पण हे खरे बजरीगार, ही जात मूळची ऑस्ट्रेलियातली, आणि आपले चौघे तर पिंजऱ्यातच जन्मलेले. कावळे आणि घारींच्या तावडीतून ते वाचायचे नाहीत. एखादा वाचलाच, तर आजार घेऊन गावभर हिंडेल. चौघंही बरे होऊ शकतात, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय.

आजाराचं नाव सिटाकोसिस. क्लॅमिडिया सिटासी नावाच्या जिवाणूमुळे तो होतो. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून आणि नाकाडोळ्यांतल्या पाण्यातून हा जिवाणू बाहेर पडतो. विष्ठा वाळली की तिची भुकटी होते, पिसांच्या धुरळ्यात मिसळते, आणि पंख फडफडले किंवा पंखा लावला की हवेत उडते. ती श्वासावाटे दुसऱ्या पक्ष्याच्या शरीरात जाते, तशीच माणसाच्याही छातीत जाते. म्हणूनच मला तुमची काळजी वाटतेय.

बाबा, पिवळी तुम्ही आणलीत आणि तिच्यामुळे हे झालं, असं तुम्ही मनाला लावून घेतलंय. आईने सांगितलं मला. पण हा जिवाणू एखाद्या ठणठणीत दिसणाऱ्या पक्ष्यात कितीतरी महिने गुपचूप राहू शकतो. प्रवास, दाटीवाटी, पिसं झडण्याचे दिवस, अंडी घालणं, असा कुठलाही ताण आला की तो बाहेर पडायला लागतो. तो पिवळीने दुकानातून आणला की आपल्या निळूमध्ये आधीपासूनच होता, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हा तो विषय सोडा. पुढे कधी नवा पक्षी आणाल तर त्याला महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवायचं, एवढं मात्र पाळायचं.

आता औषधाचं. चौघं एकाच पिंजऱ्यात होते, त्यामुळे आजारी दिसो न दिसो, चौघांनाही औषध द्यायचंय. औषध डॉक्सीसायक्लिन, ४५ दिवस. पंधरा दिवसांत निळू पुन्हा टिवटिव करू लागेल, राळ्यावर तुटून पडेल, आणि तुम्हाला वाटेल आता बास, कशाला बिचाऱ्याला त्रास. तिथेच घोटाळा होतो. वरवर बरा दिसला तरी पक्ष्यात जिवाणू उरलेला असतो आणि आजार परत येतो. तेव्हा पूर्ण ४५ दिवस, आईच्या कालनिर्णयावर खुणा करत.

पाण्यात कालवून का नाही, असं आईने विचारलं होतं. हे कोरड्या मुलखातले पक्षी, पाणी अगदी थोडं पितात. पाण्यातून पुरेसं औषध पोटात जाईलच याचा भरवसा नसतो. म्हणून डॉक्टरांनी चोचीत थेंब सोडायला सांगितलंय. बाबा, धरताना एक जपा. मान दोन बोटांमध्ये अलगद धरा, पण छातीवर मूठ आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, नसतं, छाती वरखाली झाली तरच त्यांना श्वास घेता येतो. घट्ट धरलं तर ते हातातच गुदमरतात. आणि थेंबांचं माप डॉक्टरांनी लिहून दिलंय तेच. माणसांची कॅप्सूल फोडून अंदाजाने देऊ नका.

पिंजऱ्यात अडकवलेला समुद्रफेस काढून ठेवा, खनिजाची ती गुलाबी वडीही काढा. एरवी त्यातलं कॅल्शियम त्यांना हवंच असतं, पण हे औषध कॅल्शियमला चिकटतं आणि मग अंगी लागत नाही. कोर्स संपला की दोन्ही परत लावू.

पिसं फुलवून कोपऱ्यात बसणारी जी हिरवी आहे, तिला आधीच्या छोट्या पिंजऱ्यात वेगळं ठेवा. तिला ऊब लागते. पिंजऱ्याच्या एका बाजूला, बाहेरून, जुना पिवळा बल्ब लावा, म्हणजे गरम वाटलं तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. श्वासागणिक शेपूट वरखाली हलायला लागली किंवा ती तळाशी जाऊन बसली, तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांना लगेच फोन करा. पक्षी दुखणं लपवतात. रानात आजारी दिसणारा आधी मारला जातो, ती सवय त्यांच्या रक्तात आहे. आपल्याला दिसेपर्यंत दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. पिवळीच्या बाबतीत तेच झालं.

पिंजरे गॅलरीतच राहू द्या, तिथे वारा खेळता असतो. फक्त हॉलचं दार लावून घेत जा. आणि बाबा, हे तुम्हाला जड जाणार आहे, पण हे ४५ दिवस सकाळचा चहा आणि पेपर स्वयंपाकघरात. तुमचा जुना दमा, त्यात शुगर, तुम्ही त्या हवेत बसायचं नाही. सफाई तर मुळीच करायची नाही. त्यांच्याशी बोलायचंच असेल तर खिडकीतून बोला, ते आवाज ओळखतात.

सफाई मी येईपर्यंत आईने करावी. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालूनच. ट्रेमधला कागद आधी पाणी शिंपडून ओला करायचा, मग घडी घालून पिशवीत बांधायचा. कोरडा झाडू अजिबात मारायचा नाही, आई. तुला कोरडं झाडल्याशिवाय झाडल्यासारखं वाटत नाही हे मला माहीत आहे, पण इथे सगळा धोका त्या उडणाऱ्या धुळीतच आहे. ट्रे आणि भांडी साबणाने धुऊन झाली की एक लिटर पाण्यात साधारण ३० मिली ब्लीच घालून त्याने पुसायची, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवायची. हे मोरीत करायचं, पक्ष्यांजवळ नाही, त्या वासाने त्यांची छाती भरते. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा संडास धुण्याचं औषध कधीही मिसळायचं नाही. त्यांच्यासाठी टांगलेली लाकडी घरटी आणि दोऱ्या टाकून द्या, त्या नीट निर्जंतुक होत नाहीत. कामाच्या मावशींना हे काम सांगू नका. त्या गॅलरीत जाणार असतील तर आजाराबद्दल त्यांना आधी सांगा. त्यांच्या घरी लहान मूल आहे.

आता तुमच्या दोघांबद्दल, आणि सगळ्या पत्रात हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. माणसात हा आजार बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतो. ताप, थंडी, जोराची डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला. पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. यातलं काहीही झालं तर घरातली क्रोसिन घेऊन दोन दिवस वाट बघायची नाही. डॉक्टरांकडे जायचं आणि पहिलंच वाक्य हे सांगायचं: "आमच्या घरी पक्षी आहेत आणि त्यांतल्या एकाला सिटाकोसिस निघालाय." पिवळीचा रिपोर्ट बरोबर न्यायचा. डॉक्टर आपणहून विचारत नाहीत, त्यांच्यासमोर रोज फ्लू आणि डेंगीचे पेशंट असतात. आणि छातीच्या संसर्गावर नेहमी देतात ती अमॉक्सिसिलिनसारखी औषधं या जिवाणूवर धड चालत नाहीत. इथे माणसालाही डॉक्सीसायक्लिनच लागते. वेळेवर दिली तर शंभरातला एखादाही दगावत नाही. आई, तशी वेळ आली तर तुझी कॅल्शियमची गोळी आणि दूध त्या गोळीबरोबर नको, त्याबद्दलही डॉक्टरांना विचार. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार क्वचितच होतो, त्यामुळे शेजाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही.

बाबा, "असलं काही आमच्या वेळी ऐकलं नव्हतं" म्हणालात ना? इतिहासाच्या मास्तरांसाठी थोडं लिहिते. १९२९ च्या नाताळाच्या सुमारास अमेरिकेत दक्षिण अमेरिकेतून आणलेले पोपट भेट म्हणून विकले जात होते. त्यांतून घरंच्या घरं आजारी पडू लागली. वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या पोपटांची तपासणी करणारेच अंथरुणाला खिळले, एक जण गेला. जानेवारी १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पोपटांची आयात बंद केली. पुढे कार्ल मायर या संशोधकाने दाखवलं की कॅलिफोर्नियात घरोघरी पैदास होणाऱ्या, आपल्याकडे आहेत तशा लव्हबर्डमध्येही हा आजार सर्रास आहे. त्या काळी औषधच नव्हतं, पाचासहा रोग्यांमागे एखादा जायचा. मायर यांनीच पुढे टेट्रासायक्लिन गटातलं औषध घातलेलं धान्य खाऊ घालून पक्षी बरे करायची वाट काढली. आपण निळूला देतोय ते औषध त्याच गटातलं. हे वाचल्यावर मला फार धीर आला, म्हणून तुम्हालाही कळवलं.

तुम्हाला खरं तर राघू पाळायचा होता आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळता येत नाही म्हणून हे आले, हे मला आठवतं. आज त्यांच्याशिवाय तुमची सकाळ होत नाही. म्हणूनच मला हे पाचवरून चारवर आलेलं बिऱ्हाड आणखी कमी होऊ द्यायचं नाहीये, आणि त्यापायी तुम्हाला काही होऊ द्यायचं नाहीये.

मी शनिवारी येतेय. येताना ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा आणते. हे पक्षी ३०-४० ग्रॅमचे, पिसं फुलवली की खंगलेलेही गुबगुबीत दिसतात. रोज सकाळी दाणा घालण्याआधी वजन लिहून ठेवलं तर औषध लागू पडतंय की नाही ते आपल्याला कळेल. वही बाबांनी ठेवायची, आकडे आई खिडकीतून सांगेल. मास्कचं पाकीट उद्या कुरिअरने येईल. तोवर ट्रेला हात लावू नका, पण समुद्रफेस तेवढा आजच काढा.

तुमची,
मनू