तुम्ही पंप सोडू दिला नाहीत म्हणून

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

तुमच्याकडे मी प्रथम आले ती प्राणायाम शिकून दम्याचा पंप कायमचा सोडायचा, असे मनाशी ठरवूनच. फिजिओथेरपिस्ट म्हणून तुम्ही लगेच व्यायामाला सुरुवात कराल असे वाटले होते. तुम्ही मात्र पर्समधले दोन्ही पंप, रोजचा प्रतिबंधक आणि धाप लागल्यावर घ्यायचा आरामाचा, टेबलावर ठेवायला सांगितलेत आणि माझी औषध घेण्याची पद्धत पाहिलीत. पंप दाबण्याआधीच माझा श्वास ओढून संपलेला असतो, त्यामुळे औषध फुफ्फुसापर्यंत नीट पोहोचतच नाही, हे इतक्या वर्षांत मला प्रथमच कुणी दाखवून दिले.

त्याआधी एका शिबिरात सर्वांबरोबर वेगाने कपालभाती करताना माझी छाती दाटून आली होती, आणि तिथल्याच सल्ल्यावर विसंबून मी रोजचा प्रतिबंधक पंप डॉक्टरांना न विचारता बंद केला होता. तीन आठवड्यांनी मध्यरात्री इस्पितळात नेब्युलायझर लावावा लागला. हे ऐकून तुम्ही रागावला नाहीत. कागदावर श्वासनलिकेचे चित्र काढलेत. आतल्या अस्तराची सूज रोजच्या पंपातले स्टेरॉइड कमी करते, ती श्वासाच्या व्यायामाने उतरत नाही. व्यायामाने बदलते ती श्वासाची घाई, हे तुम्ही समजावलेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ६५५ रुग्णांच्या अभ्यासाबद्दलही तुम्ही सांगितलेत: श्वसनाच्या व्यायामांनी त्या रुग्णांचे रोजचे जगणे सुसह्य झाले, परंतु फुफ्फुसांची क्षमता आणि श्वासनलिकेची सूज यांत फरक पडला नाही. आपण जे शिकवतो त्याची मर्यादा स्वतःहून सांगणारी शिक्षिका मला भेटली, याचे मोल मी जाणते.

मग तुम्ही जे शिकवलेत ते दिसायला अगदी साधे होते. एक हात छातीवर, एक पोटावर, खांदे सैल, नाकाने तीन अंक मोजत श्वास घ्यायचा आणि ओठ शीळ घातल्यासारखे करून सहा अंक मोजत सोडायचा. दम्यात नळ्या अरुंद झाल्यामुळे हवा बाहेर पडायलाच वेळ लागतो, आणि ती पुरती बाहेर पडण्याआधीच आपण घाबरून पुढचा श्वास ओढतो, म्हणून छाती फुगलेलीच राहते. हे कळल्यापासून जिना चढताना मी श्वास घेण्याची नव्हे, सोडण्याची काळजी घेते. अतिवेगाने श्वास घेतल्यामुळे बोटांना मुंग्या येतात आणि डोके हलके होते, ते मला दम्याचेच लक्षण वाटत असे; तो भेद तुम्ही माझ्या लक्षात आणून दिलात. श्वास कोंडून धरू नका आणि घरघर असताना कपालभाती, भस्त्रिका करू नका, हेही बजावलेत. धाप लागली की आधी आरामाचा पंप आणि मग मोजणी, हा क्रम आता अंगवळणी पडला आहे.

दिवाळीत फटाक्यांच्या धुराने खोकला उसळला, तेव्हा मी पंप घेतला, खिडक्या लावल्या आणि पलंगाच्या कडेला टेकून अंक मोजत राहिले. पूर्वी अशा वेळी जी भीती आधी छातीत शिरायची, ती त्या रात्री शिरली नाही. ताई, त्या रात्रीसाठी मी तुमची मनापासून ऋणी आहे.

माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीलाही दमा आहे. तिला पुढच्या महिन्यात तुमच्याकडे घेऊन येईन. तिचे दोन्ही पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, बरोबर आणीन.

आपली कृतज्ञ,
पुण्यातील एक रुग्ण